१६ लाखांत घरच्यांसाठी मध्यम एसयूव्ही: परभणीहून विचारतोय

दुधनाकाठ

नमस्कार मंडळी. दसऱ्यापासून गाडी बघायलोय, अजून ठरेना.

घरात पाच माणसं. अण्णा, आई, आम्ही दोघं आणि पाचवीतली मुलगी. जुनी हॅचबॅक आता अण्णांना झेपत नाही, गुडघे धरून बसतात. बजेट ऑन-रोड १६ लाख, ओढूनताणून साडेसोळा. रोजचा वापर शाळा-बँक-बाजार. आठवड्यातून एकदा शेत. जिंतूर रोडवरून आत उतरलं की पांदण लागते, काळी माती, पावसाळ्यात तर विचारूच नका. वर्षातून दोन-तीनदा पुणं, अधूनमधून तुळजापूर, माहूर, औंढा. सगळं धरून वर्षाला बारा हजार किलोमीटर होतील.

यादीत ह्युंदाईची क्रेटा, होंडाची एलिव्हेट, मारुतीची ग्रँड विटारा किंवा तिची बहीण टोयोटाची हायरायडर, आणि स्कोडाची कुशाक. मारुतीच्याच व्हिक्टोरिसचंही नाव निघालंय. पेट्रोल की डिझेल, इथंच गाडं अडलंय. अण्णा म्हणतात बोलेरो घे. पोरगी म्हणते सनरूफ पाहिजे. बायको म्हणते ऑटोमॅटिक घेतली तर मीपण चालवीन. कोणाचं ऐकू?

बालाघाटी

अण्णांचं ऐका. बीडकडं या, गावोगाव बोलेरो दिसतील आणि त्या उगाच नाहीत.

शिवाय कराचा हिशोब बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीला १८ टक्के जीएसटी. बोलेरो त्यात बसते, आधी सेस धरून ३१ होता. तुमच्या यादीतल्या सगळ्या गाड्या चार मीटरच्या वर, म्हणून ४० टक्के. आधी ४५ होता. जाहिरातीत 'जीएसटी उत्सव' वाचून शोरूमला गेलात तर मध्यम गाडीला मिळणारा फरक एवढाच, पाच टक्क्यांचा.

दुधनाकाठ

बालाघाटी दादा, बोलेरोचं मोल कळतंय. पण घरात ती चालवणारा मी एकटाच राहीन. बायकोला ऑटोमॅटिक हवी आणि बोलेरोत ती नाही.

आजेगाव फाटा

वाचतोय. माझाही हाच प्रश्न, फक्त हिंगोलीतून आणि दोन लाख कमी.

गॅरेजवाला

बारा हजार रनिंग आणि त्यातलं निम्मं गावातल्या गावात? मग डिझेलचा विचार सोडा.

कारण सांगतो. बीएस-६ डिझेलच्या धुराच्या वाटेत डीपीएफ असतो. तो काजळी धरून ठेवतो आणि ठरावीक भरली की जाळून टाकतो. जाळायला इंजिन सलग तापलेलं लागतं, म्हणजे हायवेवर वीस-पंचवीस मिनिटं एका चालीनं. तुम्ही शाळेपर्यंत दोन किलोमीटर जाणार, बंद करणार, परत दोन किलोमीटर येणार. काजळी जळणार कधी? मग डॅशबोर्डवर पिवळा दिवा. गिऱ्हाईक तोंड बारीक करून येतं, "बघा हो काय झालं." बघायचं काय त्यात? पाथरीपर्यंत जाऊन या म्हणतो, चौथ्या गिअरला, आरपीएम दोन हजाराच्या वर ठेवून. बहुतेक वेळा येईपर्यंत दिवा गेलेला असतो. दुर्लक्ष केलं तर मात्र बिल मोठं.

आता पैशाचं. सारख्या व्हेरिएंटला पेट्रोल-डिझेलचा फरक दीड लाखाच्या घरात धरा. आरटीओचा कर महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के, डिझेलला १४. तोही जास्तीच्या किमतीवर. सगळं मिळून दोन लाख जास्त जातात. पेट्रोल १०६ धरा, गाडी देईल १४ चं. डिझेल ९३ धरा, देईल १८ चं. किलोमीटरमागं दोन रुपये चाळीस पैसे वाचले. दोन लाख वसूल व्हायला ८३ हजार किलोमीटर, तुमच्या वापरात सात वर्षं. रोज जालना-संभाजीनगर करणाऱ्याला मी उलटं सांगेन.

दुधनाकाठ

हे पटलं. आमच्या परभणीत पेट्रोल तसंही राज्यात सगळ्यात महागातलं. डेपो मनमाडकडं, टँकरचं भाडं आमच्या खिशातून. तरी सात वर्षं म्हणजे फारच झाली. डिझेल बाद.

गंजगोलाई

मी लातूरची. गाडी मीच चालवते, मागं सासू-सासरे असतात. तुम्ही सगळ्यांनी इंजिनापासून सुरुवात केली, मी मागच्या दारापासून करते.

शोरूमला अण्णा आणि आईंना घेऊन जा. कुठं धरायचं, कसं बसायचं, काही सांगू नका. नुसतं मागचं दार उघडा आणि बाजूला उभे राहा. गुडघे दुखणारा माणूस आधी बूड टेकतो, मग वळून पाय आत घेतो. सीट कमरेच्या बेतात असली तर तो नुसता सरकून बसतो. सीट खाली असली तर धप्पकन पडतो आणि उतरताना हात मागतो. फार उंच असली तर टाचा उचलाव्या लागतात. आमच्या सासूबाई नऊवारी नेसतात. एका गाडीत दाराचा उंबरा इतका रुंद होता, की दर वेळी काठ त्याला घासायचा आणि काळा चिखल लागायचा. दोनदा उतरून त्यांनी सांगितलं, "ही नको." मला ब्रोशरमध्ये हे कुठं सापडलं असतं?

मग दार पूर्ण किती उघडतं ते बघा. वर धरायला कडी आहे का बघा. खिडकीची खालची कड किती वर आहे तेही बघा. हल्लीच्या गाड्यांना मागच्या खिडक्या तिरप्या आणि निमुळत्या करायची फॅशन आहे. बाहेर दिसलं नाही की म्हाताऱ्या माणसाला मळमळतं, मांजरसुंब्याच्या घाटात तर हमखास.

मधल्या सीटवर तुमची मुलगी बसणार. तिथं खांद्यावरून येणारा पट्टा आहे का? डोक्यामागं टेका आहे का? काही गाड्यांच्या खालच्या व्हेरिएंटला हे मिळत नाही. पाचवीतली मुलगी उंचीनं लहान असेल तर मोठ्यांचा पट्टा गळ्यावर येतो, बूस्टर लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब प्रमाणं १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर हजार रुपये दंड आहे. दंड जाऊ द्या, पण पाच माणसांच्या घरात पाचव्या सीटचा विचार कोणीच करत नाही.

आणि सनरूफ. एप्रिलमध्ये दुपारी दोनला, पारा ४२ वर असताना तो पडदा कोण उघडणार आहे? त्या पैशात मागचे एसी व्हेंट असलेलं व्हेरिएंट घ्या. मुलीला सांगा, श्रावणात उघडू.

बालाघाटी

ताई, "ही नको" हे बेस्ट रिव्ह्यू आहे. +१.

समृद्धीवाला

जालन्याहून कामासाठी मुंबई नेहमीची. ५ जून २०२५ ला समृद्धी पूर्ण ७०१ किलोमीटर उघडला, तेव्हापासून रेल्वे सोडली. मोठ्या रस्त्याच्या अंगानं लिहितो.

वेगमर्यादा १२० ची आहे. ११५ पीएस (अश्वशक्ती) ताकदीची साधी पेट्रोल गाडी त्या वेगाला आरामात जाते, पाच माणसं घेऊनसुद्धा. टर्बो लागतोच असं काही नाही. जपायची गोष्ट म्हणजे टायर. काँक्रीटचा रस्ता, सलग वेग, वरून ऊन. हवा कमी असेल तर टायरची भिंत सारखी दुमडते, तापते आणि फुटते. हवा सकाळी टायर थंड असताना भरा. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावर पूर्ण लोडचा आकडा वेगळा दिलेला असतो, तो बघा. मधेच थांबून तापलेल्या टायरमधली हवा सोडू नका, ती चूक फार जण करतात. टायरवर चार आकडे असतात. ३५२४ असेल तर २०२४ च्या ३५ व्या आठवड्यात बनलेला. नवी गाडी घेतानाही पाचही टायरवर वाचा, स्टेपनीसकट.

बालाघाटी

त्यांना पुण्याला जायचंय हो, समृद्धी कुठं मधे आली?

समृद्धीवाला

बरोबर. पण टायर पुण्यालाही लागतात.

पुण्याच्या वाटेचं म्हणाल तर ऊसतोडीच्या दिवसांत नगरच्या रस्त्यावर रात्री हेडलाइटच महत्त्वाचा. ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, लाल दिवा कशालाच नाही. टेस्ट ड्राइव्ह संध्याकाळी सातनंतर मागा. एलईडी लिहिलं म्हणजे रस्ता दिसतोच असं नाही. पांढरा झोत डोळ्याला भारी वाटतो आणि कडेचा खड्डा लपवतो.

गॅरेजवाला

टायरवरून आठवलं. पांदण असलेल्या माणसानं मोठ्या अलॉय रिमच्या नादी लागू नये. क्रेटाला खालच्या व्हेरिएंटमध्ये २०५/६५ आर १६ टायर येतो, वरच्यात २१५/६० आर १७. एलिव्हेटला खाली २१५/६० आर १६, वर २१५/५५ आर १७. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे भिंत त्या रुंदीच्या किती टक्के. गुणाकार करा. क्रेटाच्या दोन्हीत टायरच्या भिंतीची उंची जवळपास सारखी पडते, १३३ आणि १२९ मिलिमीटर. एलिव्हेटच्या वरच्या व्हेरिएंटला १२९ ची ११८ होते. दगडावर आदळल्यावर आधी टायर सोसतो, मग रिम. भिंत जितकी उंच तितकं रिम सुरक्षित. स्टीलचं रिम ठोकून सरळ होतं, अलॉय तडकलं की तडकलं.

दुधनाकाठ

ग्राउंड क्लिअरन्सचं, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतच्या उंचीचं काय? कागदावर एलिव्हेट २२० मिलिमीटर, ग्रँड विटारा २१०, क्रेटा १९०, कुशाक १८८. म्हणजे एलिव्हेट पुढं?

गॅरेजवाला

आकडा बहुतेक वेळा रिकाम्या गाडीचा असतो. पाच माणसं, डिकीत पोतं, टाकी फुल्ल, मग कुठल्याही गाडीची मागची बाजू बसते. टेप घेऊन जा, मोजा. पण तीन सेंटिमीटरचा फरक भरल्यावरही राहतो, आणि काळ्या मातीच्या चाकोरीत मधला उंचवटा तेवढ्यानंच पोट घासतो. मात्र एक ध्यानात घ्या. यातल्या साध्या पेट्रोल गाड्या पुढच्या चाकांवर चालतात. पावसात गारा झाला की २२० काय आणि २५० काय, टायरच्या खाचा मातीनं भरल्या की जागेवर फिरत बसते. तेव्हा ट्रॅक्टरच बोलवायचा.

नाथसागर

हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत बॅटरी-मोटरवरही चालणारी, का नाही कोणी बोललं? ग्रँड विटारा आणि हायरायडरच्या स्ट्राँग हायब्रिडचा दाखल्यावरचा मायलेजचा आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर आहे. पेट्रोल १०६ असताना हेच घ्यायला पाहिजे.

शेंद्रेकर

नाथसागर, आकडा खरा आहे, पण बजेटमध्ये बसत नाही. बसली तरी बॅटरी डिकीत असल्यानं सामानाची जागा ३७३ लिटरवरून २६५ वर येते. पाच माणसांच्या पुण्याच्या बॅगा, वर गावाकडून निघालेलं ज्वारीचं पोतं. एलिव्हेटला ४५८ लिटर आहे, क्रेटाला ४३३. हायब्रिडचा खरा फायदा थांबत-थांबत चालणाऱ्या शहरात. परभणीत तेवढं ट्रॅफिक यायला अजून वेळ आहे.

सीएनजीलाही हाच प्रश्न. टाकी बहुतेक गाड्यांत डिकी खाते. व्हिक्टोरिसमध्ये ती गाडीच्या पोटाखाली टाकलीय, म्हणून डिकी मोकळी. पण पांदणीवर जाणाऱ्यानं आधी खाली वाकून बघावं.

मी संभाजीनगरजवळ शेंद्र्यात गाड्यांच्या पार्टच्या कारखान्यात आहे. स्कोडा इथं २००१ पासून आहे, टोयोटानं २०२४ मध्ये बिडकीनच्या कारखान्यासाठी राज्य सरकारशी करार केला, त्यामुळं चहाच्या टपरीवर गाड्यांशिवाय दुसरा विषय नसतो. कुशाकबद्दल लोक एकच गोष्ट सांगतात, पत्रा दणकट. २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत तिला मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी पाच-पाच तारे मिळाले, तेव्हा ती आणि फोक्सवॅगनची टायगुन दोघीच तशा होत्या. व्हिक्टोरिसलाही भारत एनकॅपचे पाच आहेत. क्रेटाचे तीन तारे २०२२ च्या जुन्या मॉडेलचे, २०२४ च्या गाडीला ते चिकटवू नका. कुशाक मात्र रुंदीला यादीत सगळ्यात कमी, १७६० मिलिमीटर. मागं तिघं, त्यात अण्णा-आई. बसवून बघा.

आता पैसे. १६ लाख ऑन-रोड म्हणजे एक्स-शोरूम साडेतेरा, त्याच्या वरचं व्हेरिएंट बघूच नका. १३.५ वर १२ टक्के १ लाख ६२ हजार. विमा पन्नास-पंचावन्न हजार. १० लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस (डीलर गोळा करतो तो आयकर), साडेतेरा हजार. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना वळता करून घेता येतो, सोडू नका. फास्टॅग आणि किरकोळ. झाले १५ लाख ८५ हजारांच्या पुढं. याशिवाय 'हँडलिंग चार्ज', 'बेसिक किट', कोटिंग असं जे काही कोटेशनमध्ये असेल त्यावर पेन मारा. विमा बाहेरून घ्यायची मुभा आहे. एका डीलरनं मला "विमा आमच्याकडून नसेल तर डिलिव्हरी लांबेल" असं ऐकवलं होतं. दुसऱ्या कंपनीचं कोटेशन फोनवर दाखवल्यावर त्याच विम्याचे चौदा हजार कमी झाले.

दुधनाकाठ

मंडळी, सगळं घर घेऊन जाऊन आलो. वृत्तांत देतो.

पहिल्या शोरूममध्ये टेस्ट ड्राइव्ह म्हणजे गेटपासून चौकापर्यंत आणि परत. पाच जण बसणार म्हटल्यावर पोरगा म्हणाला, "सर, फॅमिली नंतर." तिथून उठलो. दुसरीकडं बरे होते, रविवारी गाडी घरी पाठवली. गॅरेजवाले काका, टेप लावली. रिकामी असताना मागच्या चाकापुढं खूण केली, मग पाच जण बसलो आणि शेजारच्यानं मोजलं. चांगलं दोन-अडीच बोटं खाली. नाव घेत नाही, दुसऱ्या गाडीतही तेवढंच निघालं.

ताई, तुमचा दाराचा प्रयोग केला. काही न सांगता उभा राहिलो. आई सगळ्यांत सरकून बसली. अण्णांनी क्रेटात आणि एलिव्हेटमध्ये बूड टेकून पाय घेतले, काही बोलले नाहीत. कुशाकमध्ये दारावरची कड डोक्याला लागेल म्हणून मान फार वाकवली. उंच माणूस आहे, वर पटका. चालवायला मला तीच सगळ्यात आवडली होती, हे सांगितलं पाहिजे. एक लिटरचं टर्बो पण ओढ (टॉर्क) १७८ एनएम, दुसऱ्या गिअरला गाडी अशी उठते की हसू येतं.

बायकोनं एलिव्हेटची सीव्हीटी (गिअरच्या पायऱ्या नसलेली ऑटोमॅटिक) चालवली. वसमत रोडला ट्रकच्या मागून काढताना जोरात पाय दिला तर आधी इंजिन ओरडलं, मग गाडी निघाली. बाजारात मात्र लोण्यासारखी. ती म्हणाली, "मला कुठं शर्यत लावायचीय."

गंजगोलाई

सीव्हीटी अशीच असते. पाय हळूहळू दाबायचा, ओव्हरटेकचा अंदाज थोडा आधी घ्यायचा, मग ओरडत नाही. गर्दीत डीसीटीपेक्षा (दोन क्लचवाल्या ऑटोमॅटिकपेक्षा) मी तीच घेईन. पण एसी सांगा ना. दुपारी चालवली का?

दुधनाकाठ

दुपारी दीडला, गाडी उन्हात उभी करून. मागं व्हेंट होते त्या गाडीत आई पाच मिनिटांत गार झाली. व्हेंट नसलेल्या व्हेरिएंटमध्ये पुढं आम्ही कुडकुडतोय आणि मागून अण्णांचं "लावलाय का?" त्यामुळं सनरूफ गेलं, व्हेंट आले. पोरीची समजूत अजून चालू आहे.

आता मन एलिव्हेटच्या मधल्या व्हेरिएंटवर, सीव्हीटीत. क्रेटाची ऑटोमॅटिक बजेटच्या वर जातेय. व्हिक्टोरिसची ऑटोमॅटिक अजून चालवायची राहिलीय. मारुतीचं वर्कशॉप कुठंही सापडतं, हा मुद्दा अण्णांना पटतो.

बालाघाटी

तो मुद्दा हलका समजू नका. माहूरच्या वाटेवर रात्री काही झालं तर ब्रोशर कामाला येत नाही. डीलरला विचारा, सर्व्हिससाठी कुठं जायचं, ॲक्सिडेंटचं काम कुठं होतं. ही दोन वेगळी उत्तरं असतात. ऑइल बदलणं गावात, आणि बंपर-पत्र्यासाठी गाडी संभाजीनगरला टो.

आजेगाव फाटा

ई-२० चं, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं काय? आमच्या सोसायटीत रोज भांडणं.

गॅरेजवाला

एप्रिल २०२३ नंतरच्या नव्या गाड्यांचे पाइप-सील ई-२० ला चालतील असेच असतात. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी, म्हणून मायलेज थोडं घटणार, ते सगळ्यांचंच. काळजी जुन्या गाडीच्या रबरी पाइपांची आणि सीलची. नवी घेणाऱ्यानं यावर झोप उडवू नये.

दुधनाकाठ

व्हिक्टोरिस चालवून आलो. डावं-उजवं होतं, पण आईनं दोन्हीत बसून एलिव्हेटच सांगितली. कारण विचारलं तर म्हणाली, "यात शेत दिसतं." खिडकी मोठी वाटली असणार. घरात मतदान चार विरुद्ध एक. विरोधी मत अर्थातच बोलेरोला.

शेंद्रेकर

अभिनंदन. बुकिंगच्या पावतीवर व्हेरिएंट, रंग आणि उत्पादनाचं वर्ष लिहून घ्या. बहुतेक कंपन्यांच्या चासिस नंबरात दहावं अक्षर वर्षाचं असतं. आर म्हणजे २०२४, एस म्हणजे २०२५, टी म्हणजे २०२६. पैसे पूर्ण भरायच्या आधी यार्डात जाऊन दिवसाउजेडी बघा. सावलीत नाही, उन्हात. पुन्हा मारलेला रंग उन्हात कळतो. आणि नंबर यायच्या आत कोणी कितीही म्हटलं तरी गाडी घेऊन शेतावर जाऊ नका, पूजा घरीच करा.

दुधनाकाठ

लिहून घेतलं. उद्या पावती करतो. मडफ्लॅप आणि खालची प्लेट कंपनीची घ्यावी का बाहेरची, तेवढं कोणी सांगा.

गॅरेजवाला

मडफ्लॅप बाहेरचे चालतील, रबराचे घ्या, प्लॅस्टिकचे नकोत. चिखल लागला की प्लॅस्टिक मागं दुमडतं. इंजिनाखालची प्लेट मात्र कंपनीचीच, बाहेरची लावताना भोकं पाडतात.